अंबू तुळशीराम, चौथी पास

रजिस्टरच्या त्या पानावर आईचं नाव दिसलं तेव्हा सुवर्णा उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का ते पाहून आली. तो बंदच होता. परत येऊन बसली, चष्मा पदराने पुसला, लॅपटॉपवरचं पान मोठं केलं. मोठं केल्यावर अक्षरं फुटली, म्हणून पुन्हा लहान केलं. अनुक्रम एकशे बारा. अंबू तुळशीराम. जात माळी. राहणार शिरसमाळ, तालुका कळवण. दाखल इयत्ता पहिली, जून पंचेचाळीस. पानाच्या उजव्या टोकाला कागद वाळवीने थोडा खाल्ला होता, तिथे शाळा सोडल्याचं कारण. चौथी पास, घरकामास. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली.

तिच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्या घराचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो हे जसं माहीत असतं, तसं हे तिला माहीत होतं. दुसरी कोणी अंबू असेल असं तिने क्षणभर धरून पाहिलं. पण एकशे अकरावर दौलत तुळशीराम होता, म्हणजे मामा, आणि दोघांची दाखल तारीख एकच होती. आजोबांनी दोन्ही मुलांना एकाच सकाळी हाताला धरून शाळेत नेलं असणार. सुवर्णाने एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. असल्या रजिस्टरांवरून तिने शेकडो दाखले लिहून दिले होते. जनरल रजिस्टर खोटं बोलत नाही, असं ती नव्या शिक्षकांना सांगायची. जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते, जात चुकते, आडनाव चुकतं. पण मूल शाळेत आलंच नाही आणि त्याचं नाव चौथी पास म्हणून पडलं, असं होत नाही.

खरं म्हणजे तिने केव्हाच लॅपटॉप मिटायला हवा होता. भाची दिशा, धाकट्या भावाची, दिनेशची मुलगी, इंजिनिअरिंगला जाणार होती, तिच्या जात पडताळणीला सदुसष्टच्या आधीचा वडिलांकडचा पुरावा हवा होता, आणि जिल्ह्यातल्या जुन्या शाळांची रजिस्टरं नुकतीच संकेतस्थळावर चढवली होती. "आत्या, तुला त्या जुन्या अक्षरांची सवय आहे, तूच बघ," असं दिशाने फोनवर सांगितलं. सुवर्णाचे वडील, खंडेराव, शाळेची पायरी चढलेच नव्हते. पण त्यांच्या चुलतभावाचं नाव माहेरच्या, मखमलाबादच्या पानांत अर्ध्या तासात सापडलं. ते तिने दिशाला पाठवलं, दिशाने हात जोडलेली सहा चित्रं उलट पाठवली, काम संपलं. मग नुसती गंमत म्हणून तिने कळवण तालुका उघडला. आईकडचा कागद पडताळणीला चालत नाही. तो कोणी शोधायलाही गेलं नसतं.

"सापडलं का?" आतून ललितने विचारलं. तिचा नवरा, अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दुपारी पेपरातलं कोडं सोडवत बसायचा.

"सापडलं," ती म्हणाली. खाली द्वारकेच्या चौकात गाड्यांचे भोंगे चालले होते, रोजच्यासारखे. आईने शाळा पाहिली होती याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या मागून दुसरं एक येत होतं. ते काय आहे हे तिला कळलं होतं आणि ते समोर येऊ नये म्हणून ती पानावरचं एकेक नाव वाचत राहिली.

घरात पत्र आलं की ते सुवर्णा वाचायची. दुसरीत गेल्यापासून. वडिलांना वाचता येत नव्हतं, वडिलांच्या आईला, म्हणजे थोरल्या आजीला, येत नव्हतं, आईला येत नव्हतं, दिनेश तर अजून रांगत होता. पोस्टमन कालव्याच्या पुलावरूनच सायकलची घंटी वाजवायचा आणि ती मळ्यातून पळत सुटायची. पत्र बहुतेक दौलतमामाचंच असे. मग ओट्यावर सगळे बसायचे. आई मेथीच्या जुड्या बांधत असायची, थोरली आजी तंबाखू मळत, वडील उकिडवे, आणि मध्ये ती, गुडघ्यांवर पत्र. इतकं महत्त्व तिला आयुष्यात पुन्हा कधी मिळालं नाही. मुख्याध्यापिका झाली त्या दिवशीही नाही. तिचा आवाज त्या वेळी जरा वेगळा निघायचा. "चिरंजीव सौभाग्यवती अंबूस अनेक आशीर्वाद" म्हणताना तीच मामा व्हायची. आईचे हात चालू असायचे, मेथीचा ओलसर वास पसरलेला असायचा, आणि एखादं वाक्य आवडलं की आई खाली मान घालूनच म्हणायची, "परत म्हण."

अभ्यास मोठ्याने वाचतानाही आई तसंच म्हणायची. सुवर्णाच्या मनात आता एकाएकी लख्ख झालं, की आई कुठल्याही वाक्याला 'परत म्हण' म्हणत नसे. चुकलेल्या वाक्याला म्हणायची. तिने ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, ओळ गाळली, की चुलीपाशी भाकरी थापणारी आई म्हणायची, "परत म्हण, नीट ऐकू नाय आलं." आणि पुन्हा म्हणताना आपली चूक आपल्यालाच सापडायची. किती हुशार आहोत आपण, असं तेव्हा वाटायचं. पुड्याचा कागद आई टाकून देण्याआधी मांडीवर सरळ करायची, हात फिरवायची, चित्रं बघते म्हणायची. ज्या कागदांवर चित्र नव्हतं त्यांवरही हात फिरवायची. पण हे सगळं आठवणं म्हणजे मुख्य गोष्टीभोवती फिरत राहणं होतं, आणि ते सुवर्णाला माहीत होतं.

त्र्याहत्तर साल होतं, दुष्काळाचं. फेब्रुवारी महिना. चौथीच्या स्कॉलरशिपला सगळ्या शाळेतून दोनच मुलं बसणार होती, त्यातली ती एक. गुरुजी घरी येऊन सांगून गेले होते, पोरीचं डोकं चांगलं आहे, हिला मध्येच कुठे नेऊ नका. परीक्षा येता रविवार सोडून पुढच्या रविवारी होती आणि गुरुवारी मामाचं पत्र आलं. मोठ्याने वाचता वाचता डोळे पुढच्या ओळीवर पळवायची तिला सवय होती. विहिरीने तळ गाठला आहे, हे तोंडाने म्हणताना तिचे डोळे खालच्या ओळीवर गेले. 'आईची तब्येत बरी नाही. चार दिवस अन्न नाही. सारखं तुझं नाव घेते. पत्र मिळताच निघून येणे.' आई माहेरी जायची तर दोन्ही पोरांना घेऊन जायची, आणि गेली की पंधरा दिवसांच्या आत यायची नाही. तिने विचार केला असं म्हणता येणार नाही. तोंडातून आलं, "आईची तब्येत बरी आहे. सारखं तुझं नाव घेते. सवड झाली की येणे." एक शब्द बदलला, एक वाक्य गाळलं, एक जागच्या जागी बनवलं. आईचा हात जुडीवर थांबला. "परत म्हण ते, आईचं," आई म्हणाली. आणि सुवर्णाने परत म्हटलं, तसंच्या तसं, न अडखळता.

परीक्षा झाली. त्यानंतरच्या मंगळवारी शिरसमाळचा एक माणूस निरोप घेऊन आला, आणि आई अंगावरच्या लुगड्यानिशी एस्टीत बसली. तेरावा करून परत आली तेव्हा तिचे गाल आत गेले होते. सुवर्णाने मधल्या काळात ते पत्र नष्ट करायचं ठरवलं होतं. भिंतीवरच्या तारेत पत्रं ओवलेली असायची, तिने सगळी उतरवून पाहिली, पण तेवढंच नव्हतं. वडिलांनी विडी पेटवायला घेतलं असेल असं तिने स्वतःला सांगितलं. स्कॉलरशिप मिळाली. गुरुजींनी शाळेत पेढे वाटले. पुढे ती शिकत गेली, नोकरीला लागली, आणि वीस वर्षं चौथीच्या मुलांची स्कॉलरशिपची तयारी करून घेतली, सुट्टीत, फुकट, इतकी मन लावून की लोक कौतुक करायचे. ललितलासुद्धा तिने हे कधी सांगितलं नव्हतं. आईला काही माहीत नाही, या एका गोष्टीवर ती बावन्न वर्षं उभी होती. आईला कळलं असतं तर काय झालं असतं याची भीती तिने इतकी जपली होती, की ती आता जुन्या दुखण्यासारखी अंगाची झाली होती. आणि आता एकशे बारा नंबर. चौथी पास. म्हणजे ते पत्र आधी तारेत होतं आणि आईला वाचता येत होतं.

"मी जरा मखमलाबादला जाऊन येते," तिने ललितला सांगितलं.

"या उन्हात?"

"आईला बघून येते."

रिक्षा पंचवटीतून पुढे निघाली तशी तिला एक आठवण झाली, जिचा अर्थ तिने आजवर दुःख असा लावला होता. माहेराहून परतल्यावर आईने तिला बरेच दिवस काही वाचायला सांगितलं नव्हतं. मामाचं एक पत्र आलं, ते आईने पोस्टमनकडूनच वाचून घेतलं, तिथेच बांधावर, सुवर्णा दहा पावलांवर उभी असताना. असं पार उन्हाळाभर चाललं. मग शाळा सुरू झाली त्या सुमारास एका संध्याकाळी आईने एक कार्ड तिच्यासमोर धरलं आणि म्हणाली, "वाच." तिने एकही शब्द न गाळता वाचलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं वाचतेस." एवढंच. सुवर्णाने रिक्षाच्या कांबीला घट्ट धरलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता मळे थोडे आणि बंगल्यांचे फलक जास्त होते.

आई पडवीत बसली होती, सुपात गवार मोडत. सत्त्याऐंशी वर्षांची, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, कान चांगले. दिनेश बाजारात गेला होता, त्याची बायको मळ्यात. "ये," आई म्हणाली. "उन्हाची कशाला आली गं? माठातलं पाणी घे."

सुवर्णा पाणी प्यायली. मग सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसून तिनेही शेंगा घेतल्या. रिक्षात तिने वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आता कामाचं वाटेना.

"आई, तू शाळेत गेली होतीस?"

आईचा हात थांबला नाही. तीन शेंगा मोडून झाल्यावर ती म्हणाली, "कोण म्हनलं?"

"रजिस्टर. जुन्या शाळांचं सगळं आता कॉम्प्युटरवर टाकलंय. दौलतमामाच्या खाली तुझं नाव आहे. चौथी पास लिहिलंय."

"अगं बया," आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी आलं ते हसू होतं. "तवाचं ठेवलंय अजून त्यांनी? वाळवी नाय लागली?"

"कडेला लागलीय."

"मास्तरांचं अक्षर लय झ्याक होतं," आई म्हणाली. मग हसू गेलं. "दिनेशला सांगितलं का?"

"नाही. आई, कधी बोलली का नाहीस?"

आईने सूप थोडं बाजूला सरकवलं. "तुझा बाप शाळेत गेला नव्हता. सोयरीक जुळवणारा म्हनला, पोर शिकलेली हाय असं बोलू नका, शिकलेली पोर नांदत नाय म्हनतात, मोडंल. बाबा मला म्हनले, अंबू, इसरून जा. मी म्हनलं, बरं. पैल्या वर्षी वाटायचं, सांगू एक दिवस. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता कसं सांगू, म्हनतील वर्षभर फशिवलं. मग तू झालीस. मग तू वाचायला लागलीस, मग गरजच नाय उरली." सुपातली एक शेंग उचलून ती म्हणाली, "दुपारी सगळे मळ्यात गेले की तुझी पुस्तकं घ्यायची मी. पाचवीचं वाचलं, सहावीचं वाचलं. सातवीच्या पुस्तकाला माझ्या हाताची हळद लागली, तर तू दिनेशला मारलंस."

"मारलं होतं," सुवर्णा म्हणाली. तिला ते स्वच्छ आठवलं, दिनेशचं भोकाड आणि पानावरचा पिवळा अंगठा. तिला हसू आलं. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही.

"आई, माझ्या स्कॉलरशिपच्या आधी मामाचं पत्र आलं होतं."

"व्हय," आई म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की जणू ती वर्षानुवर्षं या प्रश्नाच्या शेजारीच बसून होती.

"तू वाचलंस?"

"दुसऱ्या दिवशी. तू परत म्हनलीस तवाच मला खटकलं. चार बुकं शिकलेला मानूस असं लिवत नाय, बरी हाय अन् सारखं नाव घेते. बरी असलेली मानसं सारखं नाव घेतात व्हय?"

सुवर्णाने हातातली शेंग मोडली. मग ती म्हणाली, "मग गेली का नाहीस? परीक्षेला अजून नऊ दिवस होते. माझ्यासाठी थांबलीस?"

कालव्यापलीकडे कुठेतरी पाण्याची मोटर चालू झाली. "तुला बरं वाटावं म्हनून तसं म्हनता आलं असतं," आई म्हणाली. "पन खोटं होईल. तुझ्यासाठी नाय थांबले. मी आत्याबाईंना, तुझ्या थोरल्या आजीला, म्हनलं, चार दिस जाऊन येऊ का माहेरी. त्या म्हनल्या, पत्रात तर बरी हाय लिवलंय, सुवर्णीने वाचलं ना सगळ्यांसमोर. मेथी निघायची हाय, आता नको. मला म्हनता आलं असतं, पोरीने चुकीचं वाचलं. मग त्या म्हनल्या असत्या, तुला गं काय ठावं? काय सांगनार होते? तुला मार बसला असता, ते पन डोक्यात आलं, नाय असं नाय. पन ते मागून आलं. आधी मी माझ्यासाठी भ्याले. अठरा वर्षं मुकी राहून नांदले होते. आई तिकडं माझं नाव घेत होती, अन् मी हिथं जुड्या बांधीत होते."

मोडलेली शेंग सुवर्णाच्या हातात तशीच होती. आपण उच्चारलेलं 'आहे' थोरल्या आजीने आईसमोर धरलं होतं, हे ती आज ऐकत होती. इतकी वर्षं तिने स्वतःला काय काय म्हणून घेतलं होतं, पण हे तिला सुचलं नव्हतं. आणि तरीही छातीतली कुठलीशी गाठ सैल होत होती, कारण तिथे आता ती एकटी नव्हती.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "आई, माझ्यामुळे."

"तू दहाची होतीस. मी चांगली पस्तिशीची बाई होते." आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, गवारीची लव लागलेला. "दौलतने इचारलं, पत्र नाय मिळालं का. म्हनलं, नाय मिळालं. टपालवाल्याला काय शिव्या दिल्या त्याने! पत्र कनवटीलाच होतं माझ्या, मग घरी येऊन मी ते चुलीत घातलं. तुझ्यावर राग होता मला, खोटं कशाला बोलू. उन्हाळाभर होता. मग एक दिस बघितलं तर तू माझ्याकडं बघतच नव्हतीस, ताटावरबी मान खाली. म्हनलं, हे लेकरू आतून वाळंल. म्हनून ते कार्ड दिलं तुला वाचायला. मग तू हसाया-खेळाया लागलीस. मला वाटलं, इसरली. बरं झालं म्हनायचे मी, पोर इसरली."

"नाही विसरले."

"मग एवढी वर्षं काय केलंस गं?" आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं त्याने सुवर्णा रडायला लागली. बासष्ट वर्षांची बाई, पडवीत, सुपाशेजारी. आई तिला थोपटत नव्हती. नुसता गुडघ्यावरचा हात काढला नाही.

नंतर आईनेच विचारलं, "माझ्या खाली कोन हाय त्यात? गंगू हाय का?" सुवर्णाने आठवून सांगितलं, एकशे चौदाला गंगू आनंदा होती, तिसरीतून नाव कमी झालेली. "तिचं लगीन झालं," आई म्हणाली. "तिसरीत. पाटी मला देऊन गेली. आम्ही दोघीच पोरी, मास्तर आम्हांला दाराशी बसवायचे. दाराशी वारा यायचा, म्हनून पोरं जळायची आमच्यावर." आणि मग ती बोलतच राहिली. गिरणा नदी आटली की वाळूत बोटाने अक्षरं काढायच्या त्या दोघी, आणि पाणी आलं की पुसून जायची, मग पुन्हा काढायच्या. मास्तर ताप आला तरी शाळेत यायचे आणि घोंगडी पांघरून शिकवायचे. आजोळच्या आजीला अंबूचा धडा ऐकायला आवडायचा, ती जात्यावर बसून म्हणायची, मोठ्याने वाच, दळणात ऐकू येत नाही. सुवर्णाला ती आजी नीट आठवतही नव्हती, हिरव्या लुगड्याशिवाय. आता तिला जात्याची घरघर ऐकू आली आणि तिच्यावरून जाणारा एका लहान मुलीचा चढा आवाज. आईला आवाज होता, वाचताना चढणारा आवाज, हे तिला माहीतच नव्हतं.

दिनेशची मोटरसायकल आवारात शिरली. आईने डोळ्यांना पदर लावला, सूप पुढे ओढलं आणि सुवर्णाकडे एकदाच बघितलं. काय सांगायचं ते त्यात होतं.

"ताई, कधी आलीस?" दिनेश पायरीवर बसून बूट काढू लागला. खिशातून त्याने एक लाल पत्रिका काढली आणि आईच्या मांडीवर टाकली. "सिंधुबाईच्या नातवाचं लगीन हाय रविवारी. चौकात भेटल्या, आईला नक्की आणा म्हनल्या. वाचून दाखव गं तिला, मी जरा टेकतो. काय ऊन हाय!"

आईने पत्रिका हातात घेतली, उलटी, सराईतपणे, आणि तिच्यावरच्या सोनेरी गणपतीवर बोट फिरवलं. "गनपती लय छान काढलाय," ती म्हणाली. मग ती सुवर्णासमोर धरली. "वाच बाई. मला काय कळतंय."

सुवर्णाने पत्रिका सरळ करून दोघींच्या मध्ये धरली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. कुलस्वामिनी, वधूच्या आजोबांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, मुहूर्त, भोजनाची वेळ, निमंत्रकांची दोन रकाने भरून नावं, तळाशी चिमुकल्यांचं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. दिनेश माठातलं पाणी घटाघटा पीत होता. एक ओळ संपवून तिने वर पाहिलं. आईची नजर पत्रिकेवर होती, आणि दिनेशला दिसू नये एवढे हळू तिचे ओठ सुवर्णाच्या एक शब्द पुढे चालले होते.